लोकर जोखायचा काटा

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका. कुणी आजारी नाही, आणि माझं लग्नही ठरलेलं नाही. सल्ला हवाय, आणि तोही तुमच्या धंद्यातला, बंदुका-रिव्हॉल्व्हरांचा, म्हणजे तुम्ही नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक आहे.

कोर्टाच्या पहाऱ्यावर मला कायम केलं. आजवर नुसता दंडुका होता, आता कमरेला हत्यार येणार. काल शस्त्रागाराच्या कारकुनाने टेबलावर दोन रिव्हॉल्व्हर ठेवली आणि म्हणाला, "बघून घे बाई. एकदा सही केली की बदलून मिळणार नाही."

एक चार इंची नळीचं. जुनं, काळं, कडा घासून पांढऱ्या झालेलं. नेम धरायची साइट पक्की, हलवता येत नाही. चाप असा कडक, की जणू तुमचा कंजूष शेजारी दार उघडतोय. दुसरं सहा इंची, जड, मागची साइट स्क्रूने इकडेतिकडे करता येते, मागच्या घोड्याला रुंद पाठ, चढवताना अंगठा सहज बसतो. हातात घेतलं आणि मला तुमच्या नेमबाजी क्लबातली सुट्टीतली सकाळ आठवली.

माझा ड्यूटीवरचा जोडीदार लंबू (उंची जेमतेम साडेपाच फूट, म्हणून लंबू) म्हणतो, आखूडच घे. तो म्हणतो, कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसायचं, जिने चढायचे, गर्दीत कोपर मारत शिरायचं, तिथे सहा इंची नळी मांडीत रुतते. "शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपू नये," हे त्याचं वाक्य. पण खात्याच्या नेमबाजी स्पर्धेत उतरायचं तर रोज बाळगतो तेच हत्यार वापरायचं असा नियम आहे. आणि मला संघात जायचंय मामा. खूप जायचंय.

काय करू?

तुमची बारकी


१० फेब्रुवारी

प्रिय बारके,

अक्षर मामीचं आहे, शब्द माझे. माझा चष्मा दुरुस्तीला गेलाय. (चष्मा नाकावर आहे. — मामी) ही मधेमधे कंसात बोलेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

लंबूला माझा नमस्कार सांग आणि त्याचा सल्ला परत कर. आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर वाईट नाही. पटकन निघतं, कपड्यात अडकत नाही, चिखलात पडलं तरी चालतं. घोडा न चढवता नुसता चाप ओढायचा, एकदा, दोनदा, समोरचा माणूस खोलीच्या त्या टोकाला असेल तर काम होतं. पण ते हत्यार भीतीसाठी बनवलेलं आहे. घाबरलेल्या माणसाने घाबरलेल्या माणसावर झाडायचं.

सहा इंची हे विचार करणाऱ्याचं हत्यार. पुढच्या-मागच्या दोन साइटमधलं अंतर जास्त, म्हणून चूक लगेच दिसते. वजन पुढे, म्हणून हात स्थिर. घोडा अंगठ्याने मागे चढवायचा, श्वास अर्धा सोडायचा, आणि चाप असा ओढायचा की गोळी सुटली याचं आपल्यालाच नवल वाटलं पाहिजे. तुला मी दहाव्या वर्षी छऱ्याच्या बंदुकीवर हेच शिकवलं. ज्याचा नेम पक्का, त्याला घाई कशाला?

सहा इंचीच घे. आणि सरावाला म्हणून परवानगी काढून इकडे घेऊन ये. कारखान्यातून आलेला चाप म्हणजे न चाळलेलं पीठ. मी बघून देतो. काट्याबिट्याची गरज नाही, माझं बोट हाच काटा. निवृत्तीला पोरांनी चाप जोखायचा स्प्रिंगचा काटा दिला होता, तो मी तुझ्या मामीला दिला. ती त्यावर लोकर जोखते. (आणि लोकर बरोबर भरते. — मामी)

तुझा मामा


१८ मार्च

मामा, मामी,

सुखरूप पोचले. बसमध्ये सगळ्यांना वाटत होतं माझ्या पिशवीत बासरी आहे.

मामा, काय जादू केलीत हो? मी जेवायला बसले तेवढ्यात तुम्ही नुसतं 'साफ करतो' म्हणालात. काल रेंजवर घेतलं तर चाप लोण्यासारखा. घोडा चढवला, बोट टेकवलं, आणि झालं. पहिल्या सहा गोळ्या एका बशीत बसतील एवढ्या जवळ. आमच्या साहेबांनी कागद उजेडाकडे धरून दोनदा बघितला आणि माझं नाव संघाच्या यादीत टाकलं. राखीव नाही, मुख्य संघात!

लंबूने ओढून बघितलं आणि चटकन टेबलावर ठेवलं. म्हणाला, "हे चालवायला बोट लागत नाही, विचार पुरतो. बाई, हे कमरेला बांधून तू शिंकू नकोस." मी म्हटलं, जळतोस. तो म्हणाला, जळतो तर जळतो, पण माझ्या उजव्या बाजूला चालत जा, म्हणजे तुझं हत्यार पलीकडे राहील. तेव्हापासून मी त्याच्या उजव्या बाजूला चालते. असले चाळे.

मामी, तू दिलेला स्वेटर घातला. एक बाही लांब झाली आहे, पण ऊब दोन्हीत सारखी आहे.

बारकी


२७ मार्च

प्रिय बारके,

मुख्य संघात! मी क्लबात सगळ्यांना सांगितलं, ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही.

लंबूसारख्यांचं असंच असतं, नाचता येईना अंगण वाकडं. त्याचं ते आखूड घेऊन ये एकदा, त्याचाही चाप माणसात आणतो. हल्ली सगळ्यांचेच चाप मला कडक लागतात, कारखान्यांना काही झालंय. क्लबातले बहुतेक मी या हिवाळ्यात मऊ करून दिले. गेल्या आठवड्यात तर बँकेच्या दारावरचा पहारेकरी त्याचं घेऊन आला, म्हणाला तुमचं नाव ऐकून आलो. त्याचंही करून दिलं. चाप ओढून बघताना त्याचा चेहरा बघायला हवा होतास.

मी स्वतः यंदा स्पर्धेत उतरत नाही. खांदा धरलाय. आता तू जिंक, म्हणजे मीच जिंकलो. (खांदा नाही. — मामी) (काय लिहिलंस ते? — मामा) (काही नाही. — मामी)

तुझा मामा


२ मे

मामा,

हे पत्र मी दोनदा फाडलंय. आता जसं येईल तसं लिहिते.

परवा कोर्टात एका माणसाला मुलीचा ताबा मिळाला नाही. निकाल ऐकून तो बाहेर आला आणि व्हरांड्यात बायकोच्या वकिलाच्या अंगावर धावला. हातात चाकू होता, फळं कापायचा, लहानसा. लोक ओरडत पळाले. मी रिव्हॉल्व्हर काढलं. नळी होल्स्टरच्या तोंडाशी अडकली, मग निघाली. आणि मी घोडा चढवला. विचार करून नाही. हात आपोआप गेला, तुमच्या क्लबात जातो तसा.

"चाकू टाका," म्हटलं. त्याने टाकला. टाकला आणि खाली फरशीवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला. झालं, संपलं. कुणाला ओरखडाही नाही. लंबूने चाकू पायाने बाजूला सारला आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि मी तिथे चढवलेला घोडा घेऊन उभी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तळहात घामाने चिंब. नळी फरशीकडे केली, अंगठा घोड्यावर न्यायला लागले. अंगठा नीट बसायच्या आत बोट चापाला टेकलं. फक्त टेकलं मामा. आणि गोळी सुटली.

गोळी दगडी फरशीवर आपटून फुटली. तिचा तुकडा लंबूच्या पोटरीत घुसला. तो माझ्या डाव्या बाजूला होता, तिकडेच तर असतो नेहमी. तो खाली बसला आणि म्हणाला, "शिंकलीस वाटतं." मग बेशुद्ध झाला.

शस्त्रक्रिया झाली. पाय वाचेल म्हणतात. चालेल कसा ते आत्ता सांगत नाहीत. माझं हत्यार जमा करून घेतलंय, मी घरी बसून आहे. आई दर तासाला चहा आणून ठेवते आहे.

बारकी


९ मे

बारके,

पत्र वाचलं. लंबूच्या पायासाठी वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही.

बोट चापाच्या बाहेर. हे तुला मी किती वेळा सांगितलं? बोट बाहेर असतं तर काहीच झालं नसतं. हत्याराची चूक नसते, हाताची असते. माझ्या हाताखालून शेकडो पोरं गेली, एकाच्याही हातून असं झालं नाही. माझ्याच भाचीकडून व्हावं, तेही भरल्या कोर्टात! क्लबात लोक विचारतात. मी काय सांगू त्यांना?

स्पर्धा गेली ना? गेलीच म्हणायची.

मामा

(मला हे लिहायचं नव्हतं. हात माझा, तोंड त्यांचं. जेवत जा गं बाळा. — मामी)


२१ मे

मामा,

तुमचं पत्र लागलं. लागायचं तिथेच लागलं, नेम चांगला आहे तुमचा.

पण चढवलेला घोडा उतरवायचा तर चाप ओढावाच लागतो. बोट बाहेर ठेवून घोडा उतरत नाही. हे तुम्हीच शिकवलंत. रागात विसरलात.

चौकशी सुरू झाली. तीन माणसं, लांब टेबल, पाण्याचा जग. तज्ज्ञाने माझं रिव्हॉल्व्हर काट्याला लावलं. घोडा चढवलेला असताना चापाला जेवढा जोर लागायला हवा, त्याच्या निम्माही लागत नाही. आतला भाग घासलाय आणि स्प्रिंग कमी केलीय, असं त्यांचं म्हणणं. मला विचारलं, "याला कुणी हात लावला?" मी म्हटलं, "कुणी नाही. कुणालाच दिलं नव्हतं."

"मग तुम्ही स्वतः केलंत?"

मी गप्प बसले. त्यांनी गप्प बसणं म्हणजे हो असं धरलं. पुढच्या महिन्यात शेवटची सुनावणी. सरकारी हत्यारात ढवळाढवळ केली असं ठरलं तर नोकरी जाईल. वर खटलाही होऊ शकतो.

मामा, मी तुमच्याकडे बोट दाखवणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. शिवाय चाप मऊ झालाय हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं, लंबूने तोंडावर सांगितलं होतं, पण गुण वाढत होते म्हणून मी काही विचारलं नाही. तेवढा दोष माझा आहे. पण एक गोष्ट मला कळू द्या. तुम्ही इतका कमी का केलात? तुमच्या हातून असं कसं झालं? तुम्ही मला कायम सांगायचात, चाप मऊ असावा पण लाजाळू नसावा.

बारकी


२९ मे

बाळा,

हे पत्र मी एकटी लिहितेय. ते झोपलेत. त्यांना सांगितलेलं नाही.

तुझं पत्र वाचून ते म्हणाले, "त्या तज्ज्ञाचा काटा बिघडलेला असणार. चाळीस वर्षं माझं बोट चुकलं नाही, आता चुकेल? मी त्या चापाला माझ्या बोटाने जोखलं, अगदी नेहमीसारखा लागला तेव्हाच थांबलो." सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.

मला त्या घोड्या-चापातलं काही कळत नाही. पण तू विचारतेस 'तुमच्या हातून असं कसं', म्हणून सांगते. त्यांचा उजवा हात हिवाळ्यापासून बरा नाही. दिवाळी झाली, थंडी सुरू झाली तेव्हापासून म्हण. आधी पेन धरवेना, म्हणून पत्रं माझ्या हातची. मग शर्टाची बटणं. बरणीचं झाकण माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, हल्ली झाकणं फार घट्ट करतात कारखान्यात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. डॉक्टरचं नाव काढलं की खेकसतात. मी शपथ घेतली होती की तुला कळू देणार नाही. तुझ्यासमोर ते कसे ताठ उभे असतात ते तू बघतेसच.

तू त्यांच्यावर रागावू नकोस. रागव, पण टाकू नकोस.

मामी


४ जून

मामा,

मामीने मला लिहिलंय. तिला काही बोलू नका. बोललात तर मी पुढचं पत्र लिहिणार नाही.

आता मी तुम्हाला सरळ सांगते, कारण तुम्ही मला सरळच सांगत आलात. झाकणं घट्ट झालेली नाहीत. कारखान्यांना काही झालेलं नाही. तुमच्या बोटातला जोर गेलाय. कडक नसलेला चाप तुम्हाला कडक लागला, म्हणून तुम्ही तो घासत गेलात, आणि तुमच्या बोटाला नेहमीसारखा लागला तेव्हा तो माझ्या बोटाला नसल्यातच जमा होता. तुम्ही हयगय केली नाहीत. तुम्ही नेहमीइतक्याच काळजीने केलंत, हेच वाईट.

माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण रात्री मला लंबू आठवत नाही मामा, मला बँकेच्या दारावरचा तो पहारेकरी आठवतो. मी त्याला बघितलेलंही नाही. तो रोज सकाळी ते हत्यार कमरेला बांधून दारात उभा राहतो आणि त्याच्या बाजूने लोक आत जातात, बाहेर येतात. कुणी कडेवर पोर घेऊन येत असेल. आणि क्लबातली सगळी माणसं. तुम्हीच लिहिलं होतंत, या हिवाळ्यात बहुतेकांचे मऊ करून दिले.

मी चौकशीत गप्प बसले ते तुमच्यासाठी. पण माझ्या गप्प बसण्यात ती सगळी माणसं उभी आहेत. मला ते पेलवत नाही. सुनावणीत मी खरं सांगणार आहे. तुम्हाला न सांगता सांगितलं असतं तर ती पाठीत मारल्यासारखी गोष्ट झाली असती, म्हणून आधी तुम्हाला लिहिते.

एकच मागते. मामीच्या लोकरीच्या टोपलीत तो काटा आहे. एकदा लावून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा.

लंबू काठी घेऊन चालायला लागलाय. त्याने तुम्हाला निरोप दिलाय: "उस्तादांना सांग, माझ्या आखूडाला हात लावायचा नाही." हसून म्हणाला. मला मात्र हसता आलं नाही.

तुमची बारकी


१३ जून

बाळा,

दोन ओळी. तुझं पत्र त्यांनी तीनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. आज सकाळी टोपलीपाशी आले, म्हणाले, "तुझा तो काटा दे." मी म्हटलं, लोकर लावलेली आहे. म्हणाले, "काढ."

काटा घेऊन क्लबात गेलेत ते अजून आलेले नाहीत. जेवण झाकून ठेवलंय.

मामी


१७ जून

बारके,

हे मी माझ्या हाताने लिहितोय. वाचता येत नसेल तर मामीला विचारू नकोस, सावकाश वाच. ओळ वर जाते, खाली जाते, मला दिसतंय.

काटा लावला. आधी बँकेच्या पहारेकऱ्याचं, त्याच्या दारात जाऊन. त्याला आतल्या खोलीत नेलं, गोळ्या काढल्या, जोखलं. त्याला सांगितलं, हे बांधू नकोस, आज नाही, उद्या नाही. तो म्हणाला, उस्ताद, पण इतकं छान झालं होतं. मी त्याला काट्यावरचा आकडा दाखवला.

मग क्लबातली. मी हात लावलेलं एकही काट्यावर बरोबर भरलं नाही. एकही नाही. सगळी माझ्या कपाटात कुलूपबंद केलीत, ज्यांची घरी होती त्यांच्या घरी जाऊन आणली. प्रत्येकाला कारण सांगितलं. पहिल्या घरी सांगताना जीभ वळेना. शेवटच्या घरी वळली.

तुला जे लिहिलं, हत्याराची चूक नसते हाताची असते, ते खरं निघालं. हात कुणाचा ते मी चुकीचं लिहिलं होतं. माफ कर म्हणायला मला लाज वाटते, पण म्हणतो. माफ कर.

सुनावणीत तू तोंड उघडू नकोस, मी उघडतो. तुझ्या साहेबांना तार केली आहे. सोमवारी येतोय, काटा घेऊन. हत्यारं दुरुस्त करायचा माझा परवानाही त्यांच्या टेबलावर ठेवीन. डॉक्टरकडे बुधवारी, हे मामीला वचन दिलंय.

एक सांगायचं राहिलं. सगळी जोखून झाल्यावर क्लबाच्या जुन्या पेटीतलं एक चार इंची काढलं. लंबूच्यासारखंच, काळं, कडा झिजलेलं. त्याला मी कधी हात लावला नव्हता, कारण असल्या हत्याराला मी हत्यार मानतच नव्हतो. काट्याला लावलं. जेवढं हवं तेवढंच भरलं, गुंजभर इकडे नाही तिकडे नाही.

मग रिकामं आहे याची दोनदा खात्री केली, ते भिंतीकडे धरलं आणि चाप ओढला. नुसता ओढला, घोडा न चढवता, ड्यूटीवरचा माणूस ओढतो तसा. अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला. त्याच हाताचं दुसरं बोट वर ठेवून ओढला. बारके, तो पुढे गेला नाही.

पहाटेची बस आहे. बटणं मामी लावून देणार आहे.

मामा